हृदयाची चुकलेली वाट आणि एक बारीक नळी



कांदिवलीत आमचे गट पूर्वेला दामूनगर, आकुर्लीकडे आणि पश्चिमेला चारकोपकडे पसरलेले आहेत. कोकण, सातारा, मराठवाडा, सगळीकडच्या बाया त्यात आहेत. हप्ता गोळा करताना हल्ली एक शब्द हमखास कानावर पडतो, ‘अँजिओ’. कुणाच्या मालकांची अँजिओ झाली, कुणाच्या सासूबाईंना दोन स्टेंट टाकले. मोतीबिंदूसारखाच हा शब्द आता घरचा झाला आहे. पण मध्यंतरी एका ताईंच्या कागदावर वेगळंच काही लिहून आलं. हृदयाची रक्तवाहिनी जन्मापासूनच नेहमीच्या जागेवरून निघालेली नाही. बैठकीत लगेच प्रश्न आला, “तीन बाळंतपणं झाली, डोक्यावर हंडे वाहिले, आणि आता म्हणतात नळी जन्मापासून चुकीच्या जागी?” प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधता शोधता आम्ही शंभर वर्षांच्या इतिहासात जाऊन पोचलो. आजचं बोलणं त्याबद्दल.

आधी हृदय कसं जेवतं ते बघू. आपल्या मुठीएवढा हा पंप दिवसरात्र सगळ्या अंगाला रक्त पाठवतो. पण त्याच्या आत भरलेल्या रक्तातून त्याचं स्वतःचं पोट भरत नाही. हृदयातून जी मोठी महारोहिणी निघते, तिच्या अगदी बुडाशी दोन बारीक वाहिन्या फुटतात, एक डावी, एक उजवी. त्या हृदयावरूनच फिरतात आणि हृदयाच्या स्नायूला रक्त देतात. विहिरीवरचं पाणी साऱ्या शिवाराला जातं, पण पंपघराजवळच्या वाफ्याला वेगळा पाट काढावा लागतो, तसं समजा.

आता हा पाट जन्मतःच वेगळा पडू शकतो. कधी डावी वाहिनी उजव्या बाजूने निघते आणि दोन मोठ्या वाहिन्यांच्या मधल्या सांदीतून जाते. कधी ती महारोहिणीवर न फुटता फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीवर फुटते, म्हणजे तिच्यात प्राणवायू कमी असलेलं रक्त येतं. कधी पाटाला भगदाड असतं, रक्त स्नायूपर्यंत न जाता मध्येच हृदयाच्या कप्प्यात सांडतं. कधी वाहिनीचा थोडा भाग स्नायूच्या खाली गाडलेला असतो, ठोका पडला की दाबला जातो. आईच्या पोटात पहिल्या काही आठवड्यांतच हे सगळं ठरतं. गरोदर बाईने ग्रहणात काय चिरलं याच्याशी याचा संबंध नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण बाळात दोष निघाला की पहिलं बोट आईकडे जातं.

१९३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये ब्लँड, व्हाइट आणि गारलँड या तीन डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाची हकिगत छापली. बाळ जेमतेम अडीच महिन्यांचं असताना दूध पिताना त्याला झटके येऊ लागले. दूध ओढता ओढता ते मध्येच थांबायचं, पांढरंफटक पडायचं, घामाने भिजायचं, कळ आल्यासारखं रडायचं. बाळ वाचलं नाही. नंतर पाहिलं तर डावी वाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीवर फुटलेली होती. त्या दोषाला अजूनही या तिघांचं नाव आहे. मोठ्या माणसाला जिना चढताना छातीत कळ येते, तान्ह्या बाळाची मेहनत म्हणजे दूध ओढणं, म्हणून कळ तिथे येते. हे बघणारी पहिली व्यक्ती कोण असते, ते तुम्हाला सांगायला नको.

पण १९३३ साली जिवंत माणसाच्या हृदयाच्या वाहिन्या बघायची सोयच नव्हती. दोष कळायचा तो शवविच्छेदनात. बघायची वाट उघडली ती एका नळीने, आणि ती नळी हृदयासाठी बनलेलीच नव्हती.

चार वर्षं आधी, १९२९ च्या उन्हाळ्यात, जर्मनीतल्या एबर्सवाल्डं नावाच्या लहान गावात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीचा डॉक्टर होता. हाताच्या शिरेतून बारीक नळी सरकवत नेली तर ती थेट हृदयात पोचेल आणि माणसाला काही होणार नाही, असं त्याचं म्हणणं. वरिष्ठांनी साफ नाही म्हटलं. हत्यारांच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन नावाच्या नर्सकडे होत्या. त्याने तिला विषय समजावला, तर ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. त्याने तिला टेबलावर बांधलं, आणि तिची नजर चुकवून आपल्याच हाताला भूल देऊन मूत्रमार्गासाठी असलेली नळी आपल्याच शिरेत घातली. ६५ सेंटिमीटर नळी आत गेल्यावर तिला सोडवलं, दोघं जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेले. फोटोत नळीचं टोक हृदयात दिसत होतं.

आमच्या गटात हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “म्हणजे लघवीचीच नळी की हो!” अगदी तीच जात. कॅथेटर म्हणजे नळी, एवढंच. फोर्समानचं मोठ्या डॉक्टरांनी हसं केलं, तो हृदय सोडून मूत्रविकाराकडे वळला. पुढे तो नाझी पक्षातही होता, तेही लपवायचं कारण नाही. अमेरिकेत कूर्नाँ आणि रिचर्ड्स या दोघांनी ती नळी रोजच्या तपासणीत आणली आणि १९५६ साली तिघांना मिळून नोबेल मिळालं. त्या नर्सला त्यात वाटा नव्हता.

नळी हृदयात गेली, तरी हृदयाच्या स्वतःच्या त्या दोन बारीक वाहिन्यांत कुणी शिरत नव्हतं. तिथे औषध गेलं तर हृदय बंद पडेल अशी सगळ्यांची समजूत. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स हे डॉक्टर एका तरुणाच्या झडपेची तपासणी करत होते. नळीचं टोक चुकून उजव्या वाहिनीत गेलं आणि एक्स-रेत दिसणारं द्रव्य सगळं तिच्यातच गेलं. हृदय क्षणभर थांबलं. सोन्स ओरडले, खोक! तरुण खोकला, आणि हृदय पुन्हा चालू झालं. त्या पडद्यावर जिवंत माणसाच्या हृदयाची वाहिनी पहिल्यांदा स्पष्ट दिसली. आपण ज्याला अँजिओ म्हणतो ती अशी एका चुकीतून आली.

त्याच क्लीव्हलँडच्या रुग्णालयाने पुढची जवळजवळ तीस वर्षं अशा तपासण्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १९९० साली हिशेब छापला. १,२६,५९५ रुग्णांपैकी १,६८६ जणांच्या वाहिन्यांची जन्मजात रचना वेगळी होती, म्हणजे शंभरात एकाहून थोडे जास्त. त्यातल्या पाचांपैकी चार जणांना त्या वेगळेपणाचा काहीच त्रास होणारा नव्हता. आमच्या ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळालं. वाट वेगळी असली तरी पाणी पोचत असेल तर जन्मभर काही कळत नाही. दुसऱ्या कारणासाठी अँजिओ होते आणि तेव्हा उघड होतं. उरलेल्या पाचव्या हिश्शात मात्र जिवाचा धोका असलेले असतात. अमेरिकेत पीट मॅराविच नावाचा बास्केटबॉलचा मोठा खेळाडू १९८८ साली खेळता खेळता कोसळून गेला, वय चाळीस. त्याला डावी वाहिनी नव्हतीच. इतकी वर्षं तो उजवीवर धावत होता.

बघता आलं, आता दुरुस्ती. झ्यूरिचमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग हे डॉक्टर नळीच्या टोकाला फुगवता येणारा बारीक फुगा बसवण्याच्या मागे होते. संध्याकाळी दवाखाना संपला की घरच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसायचे. सोबत पत्नी मिखाएला, मदतनीस मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा. कापायचं, चिकटवायचं, फुगवून बघायचं, फुटलं की पुन्हा. कितीतरी रात्री असंच. पापडाच्या ऑर्डरीसाठी घरातली टेबलं अडवून बसणाऱ्या आपल्या बायांना हे चित्र परकं वाटणार नाही. १६ सप्टेंबर १९७७ रोजी ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या वाहिनीतला अडथळा त्या फुग्याने दाबून मोकळा केला, छाती न उघडता. अनेक वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही ती जागा मोकळी होती. मोकळी केलेली जागा पुन्हा आवळू नये म्हणून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, १९८६ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवली गेली. ग्रुन्टझिग ते बघायला नव्हते, आदल्या वर्षी ते विमान अपघातात गेले.

आता आपल्या देशाकडे येऊ. डॉ. शि. इ. पद्मावती हे नाव लक्षात ठेवा. जन्म १९१७, ब्रह्मदेशात. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा आल्या तेव्हा आई आणि बहिणींबरोबर त्या भारतात आल्या. पुढे अमेरिकेत हेलन टॉसिग यांच्या हाताखाली शिकल्या. या टॉसिगबाईंना कमी ऐकू यायचं, म्हणून त्या बाळांच्या छातीवर बोटं ठेवून हृदय ओळखायच्या. मग पॉल व्हाइट यांच्याकडे शिकल्या, म्हणजे १९३३ च्या त्या तिघांपैकीच एक. १९५४ साली पद्मावतींनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात उत्तर भारतातली पहिली नळीने हृदय तपासण्याची प्रयोगशाळा सुरू केली. हे बायकांचं रुग्णालय. चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसं आणि त्यापाठोपाठ हृदयाची उजवी बाजू कशी निकामी होते, हे त्यांनी त्या काळात दाखवून दिलं. २०२० साली, १०३ वर्षांच्या असताना, त्या कोरोनात गेल्या.

आणि आपलं परळ. कांदिवली पश्चिमेला पालिकेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय आहे, सगळे त्याला शताब्दीच म्हणतात. पण लहान मुलाच्या हृदयाचं गुंतागुंतीचं काम निघालं की वाट बहुधा परळची. स्लो लोकल, प्रभादेवीला उतरायचं, पूल ओलांडायचा. तिथलं केईएम रुग्णालय १९२६ साली गिरणगावाच्या मधोमध उभं राहिलं. सोबतच्या कॉलेजला शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या पैशाची मदत झाली आणि त्याला अट होती, शिकवणारे आणि उपचार करणारे डॉक्टर भारतीयच हवेत. इंग्रजांच्या राज्यात ही अट साधी नव्हती. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पत्नी हंसाबाई मेहता. जगाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सगळे पुरुष’ या अर्थाचा शब्द बदलून ‘सगळी माणसं’ हा शब्द आला तो हंसाबाईंच्या आग्रहाने. हे विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या केईएममध्ये डॉ. के. के. दाते यांनी हृदयरोगाचं काम वाढवलं. शवासनाने रक्तदाब उतरतो का, याचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९६९ साली छापला होता. तिथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण पालिकेच्या रुग्णालयात, गिरणी कामगारांच्या शेजारी, हे धाडस झालं. नळीचं काम पुढच्या पिढीकडे आलं. फुग्याने वाहिनी मोकळी करायची पहिली अँजिओप्लास्टी भारतात १९८६ साली चेन्नईत डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल यांनी केली, तेही ग्रुन्टझिग यांच्याकडे शिकून आलेले.

मग जन्मजात चुकलेल्या वाटेवर नळी काय करू शकते? भगदाडावर ती सगळ्यात जास्त कामाची. जांघेतल्या किंवा मनगटातल्या वाहिनीतून नळी गळतीच्या तोंडापर्यंत नेतात. नळीतून बारीक धातूची तार ढकलतात. आत असेपर्यंत ती सरळ असते, बाहेर पडली की आपोआप वेटोळं होते. तिला लावलेल्या धाग्यांवर रक्त गोठतं आणि भगदाड बुजतं. मोठं भगदाड असेल तर विणलेल्या जाळीचं बूच बसवतात, नळीत दबून जातं आणि जागेवर फुलतं. १९८३ साली लंडनच्या डॉक्टरांनी हृदयाच्या वाहिनीतून फुप्फुसाकडे जाणारी अशी एक चोरवाट सुटा होणारा फुगा सोडून बंद केल्याचं छापलं होतं. त्याआधी अशा कामासाठी छातीच उघडावी लागे. लहान भगदाड, काही त्रास नाही, तर नुसतं लक्ष ठेवतात.

ही बुचं कोण बनवतं, हे कळलं तेव्हा आमच्या गटात टाळ्या पडल्या. बोलिव्हिया देशात ला पाझ शहरात डॉ. फ्रान्झ फ्रॉइडेन्थाल यांनी बाळांसाठी असंच एक बूच तयार केलं. बाळ पोटात असताना महारोहिणी आणि फुप्फुसाची वाहिनी जोडणारी एक नळी असते, जन्मल्यावर ती मिटायला हवी. काही बाळांची मिटत नाही, तिथे हे बूच बसतं. ते इतकं बारीक की यंत्राने जमेना. मग तिथल्या आयमारा जमातीच्या बायकांना बोलावलं, ज्या पिढ्यान्‌पिढ्या लोकरीच्या टोप्या आणि शाली विणतात. त्या आता स्वच्छ खोलीत, डोक्याला टोपी आणि हातात मोजे घालून, निटिनॉल नावाच्या धातूच्या एका तारेतून ते बूच हाताने विणतात. निटिनॉलचा गुण असा की कसंही दाबा, जागेवर पोचला की मूळ आकार घेतो. आपल्याकडे गटाच्या बाईला विणकाम येतं म्हटलं की लोक तोरणापुढे विचार करत नाहीत.

नळीने सगळं होतं असं मात्र समजू नका. १९३३ च्या बाळासारखा दोष असेल तर शस्त्रक्रियाच करावी लागते, वाहिनी काढून महारोहिणीला जोडतात, आणि वेळेत झाली तर बाळं बरी होतात. डावी वाहिनी दोन मोठ्या वाहिन्यांच्या सांदीतून जात असेल तरी बहुधा शस्त्रक्रिया. उजवी तशी असेल तर अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉ. पाओलो अँजेलिनी यांनी मोठ्या माणसांत स्टेंट घालून ती उघडी ठेवण्याचं काम केलं आहे, पण तो सर्रास उपाय नाही. स्नायूखाली गाडलेल्या वाहिनीला आधी गोळ्या देतात. तिथे स्टेंट घातला तर प्रत्येक ठोक्याला तो दाबला जातो आणि मोडूही शकतो. म्हणून “सरळ स्टेंट टाका की” असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

अडचण आणखी एका ठिकाणी येते. अँजिओच्या नळ्यांची टोकं आधीच ठरावीक वळणाची बनवलेली असतात, वाहिनी नेहमीच्या जागी आहे असं धरून. ज्याची वाहिनी दुसरीकडे फुटते, त्याला हृदयविकाराचा झटका आला तर डॉक्टरांना तोंड सापडायलाच वेळ जातो. अंधारात दाराची कडी चाचपावी तसं. आता सिटी स्कॅनमध्ये नळी न घालताही वाहिन्यांची वाट दिसते, त्याने हे काम बरंच सोपं झालं आहे.

पैशाचं बोलू. २०१७ पर्यंत औषध लावलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या घरात होती. बीरेंदर सांगवान या वकिलांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. २०१६ साली स्टेंट आवश्यक औषधांच्या यादीत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारी औषध किंमत प्राधिकरणाने कमाल किंमत बांधली, साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषध लावलेल्याला २९,६०० रुपये, कर वेगळा. प्राधिकरणाच्याच आकड्यांत दिसलं की मधल्या नफ्याचा मोठा वाटा रुग्णालयांकडे जात होता. या भावात जी वस्तू देता येते तिला इतकी वर्षं किती घरांनी मंगळसूत्र गहाण टाकलं असेल, हा हिशेब कुणी केलेला नाही. आणि तो आदेश स्टेंटपुरता होता. भगदाड बुजवायची तार आणि बूच त्यात नव्हतं.

आपल्या राज्यात २ जुलै २०१२ रोजी मुंबई आणि उपनगर धरून आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी सगळ्या राज्यात. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आधी वर्षाला कुटुंबामागे दीड लाख होते, नंतर मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवली. तुम्ही गावाकडच्या, तर तुमच्या जास्त उपयोगाची दुसरी गोष्ट सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशासाठी सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मजात हृदयदोष त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. बाळ दूध पिताना घामेजतं, दमतं, वजन धरत नाही, मोठं मूल खेळता खेळता चक्कर येऊन पडतं किंवा पळताना छातीला हात लावतं, तर पथकाला ते आपण होऊन सांगा. अंगणवाडीताईंनाही सांगा. घाईच्या तपासणीत त्यांना हे दिसेलच असं नाही.

आणि ज्यांची अँजिओ झाली आहे त्यांनी सीडी आणि कागद टाकून देऊ नयेत. वाहिनी वेगळ्या जागी आहे असं त्यावर लिहिलं असेल तर त्याची झेरॉक्स करून रेशन कार्डाबरोबर एकाच पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा. रात्री अपरात्री दुसऱ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात आधी तो कागद द्या.